बंबातून वाचलेल्या लाकडांबद्दल, मेस्त्रीकाकांना

मेस्त्रीकाका, नमस्कार!

तुम्ही मोबाईलवर गुड मॉर्निंगच्या फोटोंपलीकडे काही बघत नाही हे माहितीय, पण नातू वाचून दाखवेलच, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

आमचं कुडाळचं कौलारू घर उतरवलं तेव्हा चांगल्या तुळया ठेकेदाराने नेल्या आणि उरलेले वासे, रिपा, चौकटींचे तुकडे बंबाला होतील म्हणून मागीलदारी रचले, तुम्ही आला होतात नवीन दारं बसवायला पण उभे राहिलात त्या ढिगापाशीच, "कशाक जाळतंस गो बाय, ह्यो फणस आसा". धुराने काळाकुट्ट झालेला तुकडा रंध्याखाली धरलात आणि आतून पिवळाधम्मक निघाला!! तोवर मला लाकूड म्हणजे साग, आणि बाकी सगळं जळण, एवढंच कळायचं.

मग दारं राहिली बाजूला आणि माझी शाळा सुरू झाली. जुन्या लाकडात मोडलेले खिळे असतात, एक जरी लागला तरी रंध्याच्या पात्याची धार गेली, म्हणून तुम्ही बिघडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून तुकड्यावरून फिरवायचात, जिथे ओढ घेईल तिथे खडूने फुली. हे कुठल्याच व्हिडिओत मला दिसलं नाही. दोन तुकडे जोडायचे तर आधी एकावर एक उभे धरून उजेडासमोर बघायचे, मधून उजेड दिसला की परत रंधा, फेविकॉलने फट बुजवायची नाही (याच्यावर तुम्ही खरोखर चिडायचात). आणि भर पावसाळ्यात जोडकाम नको, आपल्या दमट हवेत लाकूड फुगलेलं असतं, दिवाळीनंतर सुकून आकसलं की सांधा उघडतो.

त्याच ढिगातून गणपतीचा चौरंग झाला, फणसाची पिवळी, सागाची तपकिरी, शिवणीची पांढुरकी अशा पट्ट्या लावून, पाहुणे विचारतात कुठून मागवला. ऑनलाईन ते नव्या लाकडाला डाग पाडून "व्हिंटेज" म्हणून विकतात ना, त्याचे भाव बघून आता हसूच येतं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात पडलेल्या आमच्या आंब्याच्या फळ्यांचं बाकडं पण झालं, त्याला काजूच्या टरफलाचं तेल लावायला तुम्हीच सांगितलंत, होड्यांना लावतात तेच, हातमोजे घाल नायतर फोड येतील हेही दहा वेळा बजावलंत. अगदीच बारके तुकडे राहिले त्याच्या खुंट्या केल्या, आणि भुसा तेवढा गेला चुलीत.

पैसे देऊ केले तर दारांचेच घेतलेत, शिकवण्याचे नाही, म्हणून हे जाहीर थॅंक्यू, यालाही नाही म्हणू नका.

आणि हो, किंजळीचे वासे अजून पडवीत आहेत, पाऊस गेला की येताय ना? येताना तो लांब रंधा आणा, माझ्याच्याने सरळ होत नाहीत ते.

तुमची
मागीलदारची विद्यार्थिनी