गृहमंत्री साहेब, तक्रार करायची होती कधी?

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा 15 डिसेंबर 2024 ला कोठडीत मृत्यू झाला. त्याने मॅजिस्ट्रेटपुढे मारहाणीची तक्रार केली नव्हती, असं आपण नागपूर अधिवेशनात सांगितलंत. शवविच्छेदनात मात्र अनेक जखमा निघाल्या. साधा गुन्हा नोंदवायला त्याच्या आईला औरंगाबाद खंडपीठ गाठावं लागलं. 4 जुलै 2025 ला आदेश झाला, तर आपलं सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात! 30 जुलैला तिथूनही हात हलवत परत आलात. वकिलांची फी अर्थात आमच्याच करातून.

आता ही तक्रार कशी ‘होत नाही’ ते ऐका. रात्री माणसाला ‘चौकशीला’ उचलतात. स्टेशन डायरीत अटक दाखवतात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आणि चोवीस तास तिथून मोजतात. मधला मार कागदावर कुठेच नाही. घरातली बाई आडवी आली तर तिलाही नेतात. सूर्यास्तानंतर बाईच्या अटकेला महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी लागते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 43. म्हणून ती अटक नसते, ‘बसवून ठेवलेलं’ असतं. मग सरकारी दवाखाना. केसपेपर काढायला हवालदार, तपासताना शेजारी हवालदार. डॉक्टर शर्टही वर करायला सांगत नाहीत, ‘ताजी जखम नाही’ असा शेरा मारून मोकळे. मुका मार लगेच दिसतोच असं नाही. वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळेनिळे होतात. तोवर रिमांड होऊन गेलेला असतो. मॅजिस्ट्रेट विचारतात, ‘‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’’ ज्यांनी मारलं ते दंड धरून शेजारी उभे, आणि रात्री मुक्काम पुन्हा त्यांच्याकडेच. तुम्ही बोलला असता, साहेब?

राहिला कॅमेरा. परमवीर सिंग सैनी खटल्यात 2 डिसेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला: कोठडी, व्हरांडा, पीएसआयची खोली, सगळीकडे आवाजासह चित्रण आणि 18 महिन्यांची साठवण, ते जमत नसेल तर निदान वर्षभर. तमिळनाडूत साथानकुलमला त्याच वर्षी बाप-लेक पोलिसांच्या मारानं गेले. तिथल्या ठाण्यात हार्ड डिस्क 1 टीबीची, सेटिंग मात्र रोजच्या रोज पुसण्याचं. आमच्याकडे तेवढीही मेहनत नको. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र, नेमका त्याच रात्री ‘नादुरुस्त’ असतो.

मारहाणीचा अर्ज आला की त्याच दिवशी डीव्हीआर सील करून न्यायालयात जमा करा. तपासणीच्या वेळी पोलीस दाराबाहेर ठेवा, आणि 48 तासांनी दुसऱ्या डॉक्टरकडून पुन्हा तपासणी. यात नवा कायदा लागत नाही, पैसाही फारसा नाही. पण करणार कोण? स्वतंत्र तक्रार प्राधिकरणं नेमा, हे सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्येच सांगितलंय. अजून आमचा अर्ज फिरून फिरून त्याच ठाण्यात ‘चौकशीसाठी’ येतो, आणि ज्याच्याविरुद्ध तो आहे तोच आमचा जबाब घ्यायला बसतो. निलंबन म्हणाल, तर निम्म्या पगाराची सुट्टी. पुढे दुसऱ्या ठाण्यात साहेब हजर!

तेव्हा पुढच्या अधिवेशनात ‘तक्रार नव्हती’ हे वाक्य वाचण्याआधी त्या ठाण्याची डायरी आणि डीव्हीआर, दोन्ही टेबलावर मागवा. डायरीतली अटकेची वेळ आणि फुटेजमधली आणल्याची वेळ जुळते का, तेवढंच बघा.

आपले,
कोठडीबाहेर ताटकळणारे नागरिक