आबा, 'चालतंय की' म्हणजे काय ते तुमच्यामुळं कळलं

तीर्थस्वरूप आबा,
सा. न. वि. वि.

लांबलचक मेसेज तुम्ही वाचत नाही, नात वाचून दाखवते, हे मला माहीत आहे. तरी हे चारचौघांत लिहितेय, कारण फौंड्रीच्या नोंदी कॉम्प्युटरवर आणायच्या आमच्या प्रोजेक्टच्या कागदांत तुमचं नाव कुठंच नाही. स्टेकहोल्डरची, म्हणजे ज्यांचा कामाशी संबंध त्यांची, यादी मीच केली होती: मालक, क्वालिटी, अकाउंट्स, डिस्पॅच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनाच्या भागांवर हात बसवून पुढं उभी हयात भट्टीवर काढलेला माणूस त्या यादीत नव्हता. चूक माझी.

शिरोली एमआयडीसीतल्या तुमच्या फौंड्रीत मी पहिल्यांदा आले ती लॅपटॉपमध्ये ४२ प्रश्न भरून. पुण्यात चार वर्षं बिझनेस अ‍ॅनालिस्ट होते, म्हणजे लोकांना काय हवं ते विचारून सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायचं काम, माणसांकडून माहिती कशी काढायची याचं सर्टिफिकेट होतं, आणि गाव तर माझंच. दोन दिवसांत सगळ्यांनी सगळ्याला "चालतंय की" म्हटलं. मी मिनिट्समध्ये प्रत्येकापुढं 'मान्य' लिहिलं आणि खूश झाले. तो कागद तुम्ही चहाच्या टपरीवर हात लांब धरून वाचलात.

"पोरी, हे मान्य कुणी केलं?"

"सगळेच चालतंय म्हणाले की."

"दारात आलेल्याला आपण जेवून जावा म्हणतोय. म्हंजे भाकरी टाकल्या असत्यात व्हय?"

तेव्हापासून कुणी हो म्हणालं की मी लगेच विचारते, "मग उद्या पहिल्या पाळीला हे भरणार कोण?" नाव आलं तर तो होकार. सगळे छताकडं बघायला लागले की समजायचं, जेवून जावा.

माझ्या बोलण्यालाही तुम्हीच टोकलंत. पुण्याच्या ऑफिसात मी 'मी येतो' म्हटलं की हसायचे, म्हणून 'मी येते, मी बघते' असं घासूनपुसून घेतलं होतं. "तू अशी बोलतीस म्हनून पोरंबी तुझ्याशी सायबाशी बोलल्यागत बोलत्यात," तुम्ही म्हणालात. खरंच होतं. मोल्डिंगची, म्हणजे साचे करणारी, पोरं मला "मॅडम, सगळं ओके आहे" सांगायची आणि वळून एकमेकांत खरं काय ते बोलायची.

मग तुम्ही मला रात्रपाळीला बोलावलंत. माझ्या स्क्रीनवर दर हीटला, म्हणजे भट्टीतल्या दर वितळणीला, १४ रकाने होते. भट्टीपासून लांब उभी राहून मी बघत होते. लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायच्या भांड्यात, मॅग्नेशियमची प्रक्रिया झाली, लख्ख पांढरा उजेड पडला आणि एकदम सगळ्यांची पावलं वाढली. एसजी आयर्नचं, म्हणजे आत ग्रॅफाइटचे गोळे असलेल्या चिवट लोखंडाचं, काम ते. मॅग्नेशियमचा असर मिनिटामिनिटाला उतरत जातो. ओतायला उशीर झाला तर ग्रॅफाइटचे गोळे नीट बनत नाहीत आणि अख्खा माल बाद. त्यात ओतणाऱ्याच्या हातात चामड्याचे मोजे, टचस्क्रीनला ती बोटं कळतसुद्धा नाहीत. भट्टीच्या आवाजात तुम्ही कानाशी ओरडलात, "ह्येचे हात कवा मोकळे असत्यात ते आधी बघ, काय लिवायचं ते मागनं इचार!"

१४ चे ३ रकाने झाले: हीट नंबर, लॅडल नंबर, ओतल्याची वेळ. बाकीचं लॅबमधून थेट घेतलं. हीट नंबर तर पोरं आधीपासूनच खडूनं मोल्डिंग बॉक्सवर लिहीत होती. माझ्या पेशात असं बघण्याला ऑब्झर्वेशन म्हणतात. परीक्षेत मला त्यावर पूर्ण मार्क होते.

पण खरे आभार मानायचेत ते आपल्याकडं ओतलेल्या त्या तीन लोखंडी ब्रॅकेटांबद्दल. 'रिजेक्शन किती?', म्हणजे बाद माल किती, या एका आकड्यावर दोन मीटिंगा वाया गेल्या होत्या. तिघांचे आकडे तीन, आणि प्रत्येकाला वाटायचं बाकीचे दोघं खोटं बोलतायत. मी व्हाइटबोर्डवर बाण काढत बसले होते. तिसऱ्या मीटिंगला तुम्ही न विचारता आत आलात आणि टेबलावर तीन ब्रॅकेट ठेवलेत. पहिल्याचा कोपरा भरलाच नव्हता. दुसऱ्याला वाळू चिकटलेली, घासून निघेल अशी. तिसरा वरून झकास, पण गिऱ्हाइकानं मशिनिंग केल्यावर कातडीखालची बारीक भोकं उघडी पडलेली.

"ह्यातलं रिजेक्शन कुठलं, दावा."

क्वालिटीनं तिन्हींवर हात ठेवला. डिस्पॅचनं फक्त तिसऱ्यावर, कारण गिऱ्हाइकानं पैसे कापल्याची डेबिट नोट त्याचीच येते. अकाउंट्सवाले म्हणाले, "पहिला तर वितळवून परत भट्टीतच जातो, त्यात गेलं काय?" त्यावर क्वालिटीवाले उसळले, "टनामागं पाचशे-सातशे युनिट जळत्यात, वीज फुकट येती काय?"

खोटं कुणीच बोलत नव्हतं. एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या. रिपोर्टमध्ये तीन रकाने केले, जागेवर बाद, रिवर्क आणि गिऱ्हाइकाकडून परत, आणि भांडण अर्ध्या तासात मिटलं. आता कुठल्याही कामावर गेले की मी आधी शब्दांची यादी करते आणि प्रत्येकाला म्हणते, सांगू नका, दाखवा.

बाकीचं तुम्ही जाता जाता सांगितलेलं. मालकाला स्क्रीन दाखवू नकोस, महिन्याला किती रुपये वाचतील ते सांग. कुणाची चूक सापडली तर मीटिंगच्या आदल्या दिवशी एकट्याला गाठ, चारचौघांत काढलीस तर तो माणूस तुझा राहत नाही. हे दुसरं मला अजून नीट जमत नाही. गेल्याच महिन्यात एकाला दुखावून बसले.

तो तिसरा ब्रॅकेट माझ्या टेबलावर आहे. वितळवायला चालला होता, मी मागून घेतला. अकाउंट्सनं त्याचं अडीच किलो वजन माझ्या नावावर टाकलंय, आणि कुठल्या रकान्यात धरायचं यावर त्यांचं अजून ठरत नाही.

रविवारी घरी येतो, आबा. तुम्ही जेवून जा म्हणणारच. मी खरंच जेवणार आहे, काकींना भाकरी टाकायला सांगा.

तुमची,
४२ प्रश्नांवाली पोरगी