ग्वाल्हेरची गोष्ट 1967 पासून सुरू होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्वातंत्र्यानंतरच्या उजव्या राजकारणावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. त्यात ग्वाल्हेर येतं ते थेट 1967 मध्ये, ग्वाल्हेरच्या शिंदे राजघराण्यातल्या राजमाता विजयाराजे शिंदे काँग्रेसमधून बाहेर पडल्या तेव्हा. हे मला अजिबात पटलं नाही. राजवाडा या राजकारणात उतरला तेव्हा ते इथे केव्हाच रुजलं होतं.

1952 च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत हिंदू महासभेला देशभरात 4 जागा मिळाल्या. त्यातल्या 2 आपल्याकडच्या, गुना आणि ग्वाल्हेर. दोन्हीकडे निवडून आले एकच गृहस्थ, वि. घ. देशपांडे. त्यांनी ग्वाल्हेर सोडल्यावर पोटनिवडणुकीत महासभेचेच डॉ. ना. भा. खरे जिंकले. हे डॉ. खरे म्हणजे 1937 साली मध्य प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ चालवणारे. तिथपासून महासभेपर्यंतचा त्यांचा प्रवास हा खरं तर वेगळ्या लेखाचा विषय आहे.

या निकालाच्या चारच वर्षं आधी, जानेवारी 1948 मध्ये, गांधीहत्येचं पिस्तूल ग्वाल्हेरातून गेलं होतं. महासभेचे इथले पुढारी डॉ. परचुरे यांच्यावर खटला चालला, शिक्षा झाली आणि अपिलात ते सुटले. तरीही 1952 मध्ये लोकांनी महासभेलाच मतं दिली. का दिली? इथल्या मराठी माणसाला हा प्रश्न जास्तच अवघड जातो, कारण ही नावं आपली आहेत. म्हणूनच तो टाळून पुढे जाऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं.

1957 मध्ये काँग्रेसनं राजमातांना गुन्यातून उभं केलं, ते याच महासभेची पकड मोडायला. दहा वर्षांनी त्या गुन्यातून लोकसभा ‘स्वतंत्र पक्ष’ या नावाच्या पक्षातर्फे लढल्या आणि करैरातून विधानसभा जनसंघातर्फे. लेखात हे दोन पक्ष एकाच दमात येतात. राजाजींचा (चक्रवर्ती राजगोपालाचारींचा) स्वतंत्र पक्ष परमिट राज, म्हणजे उद्योग-व्यापारावरची सरकारी परवान्यांची बंधनं, आणि सहकारी शेतीच्या विरोधात उभा राहिलेला. जनसंघाचं बळ संघाच्या शाखांतून आलेलं. आपल्या भागात ते एकत्र आले, पण म्हणून एक नव्हते. 1971 च्या इंदिरा लाटेत जनसंघाला देशात 22 जागा मिळाल्या, त्यातल्या ग्वाल्हेर, भिंड आणि गुना या 3 इथल्या: वाजपेयी, राजमाता आणि तेव्हा जनसंघात असलेले त्यांचे पुत्र माधवराव. हा निकाल 1952 शिवाय समजत नाही.

1952 ला पहिलं मत देणारी माणसं आज नव्वदीच्या पुढे आहेत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जनकगंज-दौलतगंजच्या जुन्या वाड्यांत त्यातली काही अजून भेटतात. कोणत्याही पक्षाची असोत, आपल्या वार्ताहरांनी त्यांच्याकडे जाऊन त्या निवडणुकीच्या आठवणी टिपून घ्याव्यात आणि पुरवणीत छापाव्यात, ही विनंती. लगेच व्हायला हवं.

आपला,
एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर