लिबरल आर्ट्स कॉलेज निवडताना कार्यक्रमांचं कॅलेंडरही बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या शिक्षण पुरवणीत अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांवर (म्हणजे पदवीसाठी विज्ञान, साहित्य, कला सगळं एकत्र शिकवणारी छोटी कॉलेजं) लेख आला होता, तो वाचून लिहितोय. माहिती छान होती. वर्ग लहान असतात, मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवला तरी चालतो, फिजिक्सबरोबर तत्त्वज्ञान घेता येतं, स्कॉलरशिपचं कसं असतं, सगळं नीट सांगितलंय. पण मैफली, व्याख्यानं, नाटकं, चित्रांची प्रदर्शनं या सगळ्याला मिळून फक्त एक ओळ, आणि ती पण जिम आणि होस्टेलच्या मधे! म्हणजे अभ्यास संपल्यावर पोरांनी जीव रमवायला काहीतरी असावं म्हणून ठेवलेली सोय, असा त्याचा अर्थ लागतो. हे मला अजिबात पटलेलं नाही, कारण माझ्या मते या कॉलेजांमधलं निम्मं शिक्षण संध्याकाळी सात नंतर होतं, आणि ते वगळून फी आणि रँकिंगच बघायची असेल तर मग एवढ्या लांब, एवढ्या महागड्या छोट्या कॉलेजात पोरांना पाठवायचं तरी कशाला?

साउथ कॅरोलिनातल्या फर्मन युनिव्हर्सिटीचं उदाहरण घ्या. नावात युनिव्हर्सिटी असली तरी ते मुळात लिबरल आर्ट्सचंच कॉलेज. तिथं चार वर्षांत असे ३२ सांस्कृतिक कार्यक्रम बघितल्याशिवाय डिग्री मिळायची नाही असा नियमच केला गेला. व्याख्यान, नाटक, मैफल, काहीही चालेल, पण बसायचं. आता याच्यावर लोक हसतात, की हजेरीचं कार्ड स्वाइप करून संस्कृती येते का म्हणून, आणि मागच्या रांगेत बसून मोबाईल बघणारी पोरं तिथंही असणारच, ती कुठं नसतात. तरीपण मला हा नियम पूर्णपणे वाईट वाटत नाही, कारण अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा आपणहून व्हायोलिनचं चौघांचं वादन ऐकायला जाईल ही आशा जरा जास्तच आहे, पहिल्यांदा कुणीतरी ढकलावंच लागतं. फक्त बत्तीस हा आकडा मला जास्त वाटतो, तेवढा हजेरीचा जाच झाला की गोडी जाते. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजनं वेगळी वाट काढलीय, तिथं शुक्रवारी सकाळी जाहीर व्याख्यानाचा तासच ठेवलेला असतो, गावातल्यांनाही दार उघडं. वेळ मोकळी करून दिली की निम्म्या सबबी तिथंच संपतात.

पण सगळ्यात मजेदार गोष्ट ओहायोतल्या ऑबरलिनची आहे आणि ती आपल्या लेखात नव्हती याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. या कॉलेजच्या म्युझियममधली खरी चित्रं विद्यार्थ्यांना एका सेमिस्टरसाठी भाड्यानं मिळतात! १९४० पासून हे चालू आहे. भाडं किती तर एका चित्राला पाच डॉलर. त्यात पिकासो आहे, शागाल आहे, वॉरहॉल आहे, छापील पोस्टर नव्हे बरं का, कलाकृती. मनासारखं चित्र आपल्याला मिळावं म्हणून पोरं म्युझियमच्या आवारात आदल्या रात्री झोपायच्या पिशव्या घेऊन मुक्काम टाकतात. आता विचार करा, केमिस्ट्रीवाल्या मुलीच्या खोलीत चार महिने एक चित्र भिंतीवर आहे, सकाळी उठलं की ते, परीक्षेच्या आधी रडू आलं की ते, मैत्रिणी आल्या की त्यावर वाद. चित्रकलेचा कोर्स न घेता तिचं जे शिक्षण झालं ते कुठल्या मार्कशीटवर दाखवणार? त्याच कॉलेजात संगीताचं स्वतंत्र विद्यालय आहे, १८६५ पासूनचं, वर्षाला शेकड्यांनी मैफली होतात आणि बहुतेक फुकट. बाहेरच्या नामांकित कलाकारांची मैफल-मालिका १८७८ पासून चालू आहे. गाव केवढं, तर चालत पार करता येईल एवढं.

आपल्या वाचकांना जास्त जवळचं वाटेल असं उदाहरण म्हणजे कनेटिकटमधली वेस्लियन युनिव्हर्सिटी. भरतनाट्यमच्या थोर कलावंत बालसरस्वती १९६० च्या दशकात तिथं शिकवायला गेल्या होत्या. त्यांचे भाऊ टी. रंगनाथन मृदंग शिकवायचे, दुसरे भाऊ टी. विश्वनाथन बासरी आणि गायन, आणि हे दोघं तिथं वर्षानुवर्षं राहिले. तिथं नवरात्रीचा संगीत-नृत्य महोत्सव गेली कित्येक दशकं होतोय. आता यातली महत्त्वाची गोष्ट ही की हे लोक एका संध्याकाळचे पाहुणे नव्हते. मैफल झाली, टाळ्या झाल्या, गाडीत बसून विमानतळ, असं नाही, तर ज्याच्याकडे सोमवारी आदितालाचे (कर्नाटक संगीतातला आठ मात्रांचा ताल) हात मोजायला शिकलात त्यालाच शनिवारी स्टेजवर वाजवताना ऐकायचं. मग ऐकणाराचा कान वेगळाच होतो, आपण वर्गात ज्याच्यावर घसरलो ती जागा हा माणूस कशी सहज घेतो हे कळतं. अशा कार्यक्रमाला जिमच्या शेजारी बसवणं म्हणजे कमालच.

नॉर्थ कॅरोलिनात ब्लॅक माउंटन नावाचं कॉलेज होतं. १९३३ ला निघालं, १९५७ ला पैशाअभावी बंद पडलं. पण १९५२ च्या उन्हाळ्यात तिथल्या जेवणाच्या हॉलमध्ये संगीतकार जॉन केज यांनी एक प्रयोग केला, एकाच वेळी कुणी शिडीवर चढून भाषण करतंय, कुणी कविता वाचतंय, मर्स कनिंगहॅम लोकांच्या मधून नाचतोय, वर रॉबर्ट राउशेनबर्गची पांढरी चित्रं टांगलेली, कुणी पियानोवर. रेकॉर्डिंग नाही, आणि जे हजर होते त्यांच्या आठवणीसुद्धा एकमेकींशी जुळत नाहीत, तरी पुढच्या सगळ्या प्रायोगिक रंगभूमीवाल्यांना त्या संध्याकाळचं नाव घ्यावं लागतं. पुढच्याच वर्षी कनिंगहॅमनं स्वतःची नृत्य कंपनी तिथंच उभी केली. ही सगळी उठाठेव जेवणाच्या हॉलमध्ये, हे मी मुद्दाम सांगतोय, कारण हल्ली माहितीपुस्तकांत काचेच्या भव्य सभागृहांचे फोटो बघून पालक दिपून जातात.

चर्चिल यांचं ते पोलादी पडद्याचं भाषण पण असंच. ५ मार्च १९४६, मिसुरी राज्यातल्या फुल्टन या लहानशा गावातलं वेस्टमिन्स्टर कॉलेज, आणि भाषण कुठं तर कॉलेजच्या व्यायामशाळेत! (जिमचा एवढा उपयोग असेल तर मी आपल्या लेखावरचा राग थोडा कमी करतो.) कॉलेजकडे व्याख्यानमालेसाठी वेगळा निधी आधीपासून होता, आमंत्रण पाठवायची हिंमत होती, आणि त्या आमंत्रणावर प्रेसिडेंट ट्रुमन यांनी स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या, की कॉलेज माझ्याच राज्यातलं आहे, या, ओळख मी करून देतो. दिलीसुद्धा. १९९२ मध्ये त्याच कॉलेजात गोर्बाचेव्ह येऊन बोलून गेले.

तरी मोठ्या नावांचं मला फार कौतुक नाही. नाव जेवढं मोठं तेवढा पोरांच्या वाट्याला तो माणूस कमी येतो, पुढच्या रांगा देणगीदारांच्या, प्रश्न आधी लिहून घेतलेले, आणि शेवटी फोटो. त्यापेक्षा फारसा कुणाला माहीत नसलेला कवी आठवडाभर कॅम्पसवर राहिला, दोन वर्गांत जाऊन बसला, मेसमध्ये पोरांबरोबर जेवला आणि मग शेवटच्या दिवशी त्यानं वाचन केलं तर ते कितीतरी पटीनं कामाचं. माझी भाची अशाच एका छोट्या कॉलेजात आहे, कार्यक्रमांच्या वेळी दारावर उभं राहून लोकांना जागा दाखवायचं काम करते, कामाचे तासाचे पैसे मिळतात. ती सांगते की निम्मा हॉल गावातल्या पांढऱ्या केसांच्या लोकांनी भरलेला असतो आणि प्रश्नोत्तरांत सगळ्यात तिखट प्रश्न तेच विचारतात, आमची पोरं गप्प. एक रिटायर्ड नर्स प्रत्येक व्याख्यानाला वही घेऊन येते म्हणे. हे ऐकून मला त्या कॉलेजबद्दल जे कळलं ते त्यांच्या वेबसाइटवरून कधीच कळलं नसतं.

आणि हो, सगळं गोडगोड असतं असंही नाही. मार्च २०१७ मध्ये व्हर्माँटमधल्या मिडलबरी कॉलेजात चार्ल्स मरे यांचं व्याख्यान होतं, त्यांच्या वंश आणि बुद्धिमत्तेविषयीच्या लिखाणावर लोकांचा राग, विद्यार्थ्यांनी पाठ फिरवून घोषणा दिल्या, बोलूच दिलं नाही. शेवटी दुसऱ्या खोलीत बसून ते इंटरनेटवरून दाखवावं लागलं, आणि बाहेर पडताना झालेल्या धक्काबुक्कीत त्यांच्याशी संवाद साधणाऱ्या प्राध्यापिकाच जखमी झाल्या. पुढं ७४ विद्यार्थ्यांवर कॉलेजनं कारवाई केली. माझं मत विचाराल तर घोषणा बाहेर द्याव्यात आणि आत जाऊन त्या माणसाला घाम फुटेल असे प्रश्न विचारावेत, त्याचीच तर प्रॅक्टिस या व्याख्यानांतून व्हायला पाहिजे. पण कॉलेजनं वादाचे पाहुणे बोलवायचेच बंद केले तर तेही चालणार नाही. पालकांना असली बातमी वाचून धास्ती वाटते हे समजू शकतो, मला मात्र ज्या कॉलेजात वर्षभरात एकाही व्याख्यानावर वाद झालेला नाही त्याचीच जास्त शंका येते.

म्हणून मुलामुलीसाठी कॉलेज बघणाऱ्यांना माझं सांगणं असं की ॲडमिशन ऑफिसला प्लेसमेंटचे आकडे विचाराल ते विचारा, पण कॉलेजच्या साइटवर मागच्या सेमिस्टरचं कार्यक्रमांचं कॅलेंडरही उघडून बघा. पुढचं नाही, मागचं, कारण पुढचं नेहमीच भरगच्च दिसतं. त्यात मंगळवार-बुधवारचे छोटे कार्यक्रम आहेत की सगळा जोर पदवीदान समारंभाच्या आठवड्यावर आहे हे लगेच समजतं. विद्यार्थ्यांची स्वतःची नाटकं किती, बाहेरून विकत आणलेले शो किती, पाहुणा कलाकार वर्गातही जातो का, तिकीट आहे का, गावातल्यांना येऊ देतात का. आधीच शिकत असलेला एखादा मुलगा ओळखीचा असेल तर त्याला फक्त एवढंच विचारा की शेवटचा कुठला कार्यक्रम बघितलास आणि त्यावर कुणाशी भांडलास. तो अडखळला तर काय ते समजून घ्या.

आपल्या पुरवणीत या विषयावर सविस्तर लेख यावा ही विनंती. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, जागेअभावी कापायचं झालं तर चर्चिल कापा, ऑबरलिनची चित्रं तेवढी राहू द्या.

आपला,
एक वाचक आणि मामा