भाकरीच्या पिशवीतली चिठ्ठी

चि. सिद्धेश यास,
अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर दोन निळ्या खुणा दिसतात, म्हणजे वाचतोस एवढं कळतं. म्हणून कागदावर लिहायला बसले. आज पाणी यायची पाळी होती, ते आलं नाही, त्यामुळे दुपार मोकळी मिळाली. नंदाआत्याच्या ऑर्डरच्या भाकऱ्या सकाळीच भाजून झाल्या. तुझ्या वेगळ्या काढल्यात, मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या.

त्या रात्रीचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसले आहे. तू ताट सारलंस, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं निघून गेलास, अण्णा स्टेशनपर्यंत आले तरी वळून पाहिलं नाहीस. ते सगळं राहू दे. चूक माझी होती. 'अंबादासनं घर बांधलं, महेशनं ट्रॅक्टर घेतला, तूच काय तोंड लपवतोस, जा की मेळाव्याला,' असं मी बोलून गेले. आईनं पोराला दुसऱ्यांच्या मापानं मोजायचं नसतं. पण सिद्धू, तू ग्रुपमधून का बाहेर पडलास रे? मेळाव्याला नाही गेलास ते मी समजू शकते. पंधरा वर्षांपूर्वीची दहावी, त्यावेळची पोरं, त्या ग्रुपमध्ये नुसतं असायला काय लागत होतं?

असो.

रविवारी मेळावा झाला आणि संध्याकाळी चौघं घरी आली. अंबादास, इरफान, महेश आणि रेणुका. रेणुका सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि चहा टाकला, शाळेत असताना टाकायची तसाच, आलं ठेचून. अंबादास म्हणाला, "काकू, सिद्धू काय करलालाय पुण्यात? फोन बी उचलंना." मी म्हटलं, कामात असतो. खोटं बोलले मी.

तू सांगितलं नाहीस, पण मला कळलंय. गड्ड्याला, आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेला, नऊ दिवस घरी होतास. दरवर्षी जेवतानासुद्धा लॅपटॉप मांडीवर असतो. यंदा त्या बॅगेची चेन तू एकदाही उघडली नाहीस. जत्रेतल्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यावर आला नाहीस, गर्दी नको म्हणालास. लहानपणी बाराबंदी घालून अण्णांच्या खांद्यावर बसून 'हर्र बोला हर्र' ओरडणारा तू. तुला गर्दी नको नव्हती, गर्दीत शाळेतलं कुणी भेटायला नको होतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मेळाव्यात काय झालं ते ऐक. घंटा वाजवून प्रार्थना घेतली. सरांना शाल-श्रीफळ दिलं, मग त्यांनी हजेरी घेतली, जुन्या क्रमानं. तुझं नाव आलं तेव्हा इरफान मागच्या बाकावरून 'हजर सर' म्हणाला. सर वर बघून म्हणाले, "अजून हेच चालू आहे का?" हे सांगताना महेश हसत होता, पण इरफान हसला नाही.

आणि तुला वाटतं तसं कुणी गाड्यांच्या किल्ल्या टेबलावर ठेवून बसलं नव्हतं. प्रत्येकानं उठून आपापलं सांगायचं होतं. अंबादासचं घर आहे, पण त्यावर कर्ज आहे. चार मागांपैकी दोन विकले. आजोबांच्या वेळची चादर कधीच सुटली, आता टॉवेल विणतात. मध्यंतरी ऑर्डर थांबली तर तीन महिने माग बंद होते, आणि आईचे पाटल्या-बिल्वर ठेवून कामगारांचा पगार केला, हे त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. महेशची सांगोल्याकडची डाळिंबाची बाग तेल्या रोगानं गेली. सगळी झाडं काढून जाळली. ट्रॅक्टर आहे तो दुसऱ्यांच्या रानात भाड्यानं फिरतो. मी त्याच ट्रॅक्टरचं उदाहरण तुला दिलं होतं. रेणुकाचा नवरा कोरोनात गेला हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं. नर्सची ड्यूटी करून ती एकटी पोरगी वाढवतेय. ती बोलली तेव्हा वर्गात पंख्याचा तेवढा आवाज येत होता म्हणे.

तुझी नोकरी गेली एवढंच ना? मग तूही उठून सांगितलं असतंस.

अण्णांनी मेळाव्याचा फोटो दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा चष्मा पुसून. म्हणाले, "यात आपला कुठंय?" मग उठून गच्चीवर गेले.

तुला कधी सांगितलं नाही ते आज सांगते. अण्णांची गिरणी बंद पडली तेव्हा तू दोन वर्षांचा होतास. भोंगा थांबला तर मला पहाटे जाग येईना, इतकी त्याची सवय होती. शेजारच्या साच्यावर भीमाकाका असायचे. तेरा वर्षं दोघांची एकच पाळी, एकच डबा. गिरणी बंद झाल्यावर सगळे गेटसमोरच्या टपरीवर जमायचे, देण्यांचं काय झालं, कुणाला कुठं काम लागलं, हे बोलायला. अण्णा तिकडं फिरकायचे नाहीत. बाजारात जायला लांबचा रस्ता धरायचे. भीमाकाका सायकलवरून घरी यायचे, आणि अण्णा आतल्या खोलीतून मला हातानं खुणावायचे. मी दारात उभी राहून सांगायची, घरी नाहीत. किती वेळा सांगितलं असेल! शेवटच्या वेळी त्यांनी अण्णांची चप्पल पाहिली. दारातच होती. काही बोलले नाहीत, सायकल वळवली. ते गेल्याचं आम्हाला दहाव्यानंतर कळलं, तेही भाजीवालीकडून. नंतर समजलं, त्या दिवशी ते सूतगिरणीत दोघांसाठी काम बघून आले होते.

अण्णांनी तेव्हा भिंतीकडं तोंड करून दोन दिवस काढले. तो पाठमोरा माणूस मी पाहिलाय, आणि गड्ड्यात तू तसाच झोपत होतास. मला दुसरी कसली भीती नाही. नोकरी मिळेल, तू हुशार आहेस, घराण्यात पहिला इंजिनिअर आहेस, मी आजही भाकरी घ्यायला येणाऱ्या बायकांना ते सांगते. फक्त तू दार लावून बसू नकोस. जत्रेतला उंच नंदीध्वज एकटा माणूस पेलतोय असं लांबून दिसतं, जवळ गेलं की कळतं बदलीला किती माणसं उभी असतात. तू रात्री वेळेवर झोप, उपाशी राहू नकोस, हप्त्यासाठी कुणा ॲपवरून पैसे उचलू नकोस, माझ्याकडं भिशीचे आहेत.

बघ, परत उपदेश सुरू झाला. माफ कर.

सातवीतली 12 जानेवारी आठवते? हुतात्मा दिनाचं तुझं भाषण, सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरचं. 1931 साली येरवड्यात फाशी दिली इथपर्यंत तू खणखणीत बोललास. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, आणि चौथ्या नावावर अडलास. मी मागं उभी होते, माझे हात गार पडले. इरफाननं खालून हळूच सांगितलं, कुर्बान हुसेन. तू ते नाव सगळ्यात मोठ्यानं घेतलंस. घरी येऊन रडलास, की मी विसरलो. मला मात्र त्या दिवसाइतका अभिमान तुझ्या डिग्रीच्या दिवशीही वाटला नाही. का ते तेव्हा मला सांगता आलं नव्हतं.

गुरुवारी अंबादास टॉवेलचे गठ्ठे घेऊन पुण्याला येतोय. भाकरी, शेंगाचटणी आणि ही चिठ्ठी त्याच्याकडं दिली आहे. संध्याकाळी सहाला तो स्वारगेटला उभा राहील. तुझा नंबर बदलला की काय म्हणून विचारत होता, मी पत्ताही देऊन टाकला. रागावू नकोस. तू आला नाहीस तर तो तुझ्या खोलीवर येईल, आणि त्याला 'घरी नाही' म्हणून सांगायला तिथं मी नसेन.

चटणीच्या डब्याला गळती आहे, पिशवी सरळ धर.

तुझी,
आई