चुन्याच्या मिस्त्रींना

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

आमच्या आर्किटेक्ट ऑफिसातून आता जे कामाचं तपशीलपत्र निघतं, त्यातलं निम्मं तुमचं आहे. बिलात ते कुठे दिसत नाही, म्हणून हे पत्र.

जुन्या दगडी भिंतीवरच्या सिमेंटच्या गिलाव्यावर थापीच्या मुठीने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो, ते तुम्ही ऐकवलंत. भिंत जमिनीतली ओल ओढतेच, आणि चुन्याच्या दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, ती सुकूनही जाते. सिमेंटने ती वाट बुजवली की ओल आणखी वर चढते, सोबत आलेले क्षार पृष्ठभागाच्या आत साकळतात, त्यांचे खडे वाढतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. खापर मात्र दगडावर फुटतं. म्हणून दरज दगडापेक्षा मऊच हवी. ती झिजली तर पुन्हा भरता येते.

दरजा उकरायच्या त्या रुंदीच्या दुप्पट खोल, निदान 25 मिमी, आणि छिन्नीने. ग्राइंडरची चकती उभ्या दरजेत थांबत नाही, वरच्या-खालच्या दगडालाही चिरते. मग झाडून, पाणी मारून, आतून थराथराने भरायचं; एक थर 10 ते 12 मिमीचा. कोरडा दगड चुन्यातलं पाणी ओढून घेतो आणि उरतो तो भुगा. चुना घट्ट होतो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने, पण त्यालाही थोडी ओल लागतेच, त्यामुळे ओलं गोणपाट काही दिवस हलवायचं नाही.

1:3, म्हणजे एक भाग चुना आणि तीन भाग वाळू, हे प्रमाण आम्ही वर्षानुवर्षं नुसतं लिहीत होतो. तुम्ही कोरड्या वाळूने माप भरलंत, काठाला येईपर्यंत त्यात पाणी ओतलंत. साधारण एक तृतीयांश मावलं. वाळूच्या कणांमधली पोकळी तेवढी, आणि चुनाही तेवढाच. आता वाळू बदलली की आधी हेच करून बघायचं, असं तपशीलपत्रातच घातलं आहे.

चुनकळी, म्हणजे भाजलेला, न विरवलेला चुना, पाण्यात टाकायची, चुनकळीवर पाणी ओतायचं नाही, आणि चष्मा लावल्याशिवाय जवळ जायचं नाही. विरवलेला चुना गाळून वर दोन बोटं पाणी ठेवून तीन महिने मुरवायचा. घाई केली की न विरलेली कणी गिलाव्यात जाते, नंतर फुगते आणि खपली उडवते. गिलाव्यात पडलेल्या अशा खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला की समजावं, दोष कारागिराच्या हाताचा नाही, वेळापत्रकाचा.

झिजलेल्या कोरीव पट्टीवर मनाने नक्षी काढायला तुम्ही नकार दिलात, त्याचेही आभार. अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा, असं जुन्या वास्तूंच्या जतनाची 1964 ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदही सांगते. आम्ही ती वाचलेली होती. तरी ड्रॉइंगमध्ये नक्षी होतीच.

नव्या बांधकामातही तुमचं ऐकतो. जुन्या भिंतीला लागून नवी खोली काढली तर दोन्ही भिंती दातांनी गुंतवत नाही. जुनी जमिनीत बसून झालेली, नवी अजून बसायची. जोडलं की भेग ठरलेली. पाया वेगळा आणि मधे फट; ती किती, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगावं. जुन्या भिंतीत बोल्ट मारायचाच तर दरजेत, आणि स्टेनलेस स्टीलचा. साधं लोखंड गंजून फुगतं आणि दगड फोडतं. लाकडी तुळईचं टोक भिंतीत चिणून टाकत नाही, भोवती हवा ठेवतो. छज्ज्याच्या पोटाला कडेजवळ खाच असते, म्हणजे पाणी भिंतीपर्यंत न ओघळता तिथेच टपकतं. असली खाच ड्रॉइंगमध्ये रेघेएवढीही दिसत नाही, आणि साइटवर सगळ्यात आधी तीच विसरली जाते.

भेग हलते का ते कळावं म्हणून भेगांवर लावलेल्या काचपट्ट्यांच्या नोंदी सगळे ऋतू उलटेपर्यंत चालू राहतील. तोवर त्या भेगा कोणी बुजवणार नाही. पुढच्या कामात चुना मुरायचे तीन महिने परांचीच्या बांधणीआधीच धरले आहेत. मुरवणीचा खड्डा कुठे हवा, तेवढं कळवा.

आपले,
ऑफिसातले सर्वजण