शस्त्रक्रियेच्या संशोधनात रुग्णाला आधी विचारा : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

माझे वडील मशीद बंदरला माथाडी कामगार होते. हर्नियाच्या ऑपरेशननंतर एका निवासी डॉक्टरांनी आपल्या प्रबंधासाठी त्यांच्यापुढे शून्य ते दहा आकडे मांडलेली एक रेघ धरली आणि दुखते किती, तिथे खूण करायला सांगितले. वडिलांनी कागद बराच वेळ न्याहाळला आणि विचारले, "गोण कधीपासून उचलू?" डॉक्टरांनी आपुलकीने उत्तर दिले, पण छापील अर्जात या प्रश्नाला रकानाच नव्हता. पुढे तपासणीचे बोलावणे आले, तेव्हा दिवसाची मजुरी बुडेल म्हणून वडील गेले नाहीत.

हा दोष त्या डॉक्टरांचा नाही, संशोधनाचा आराखडा रुग्णाला वगळून ठरतो याचा आहे. २०१९ च्या नियमांनुसार औषधांच्या चाचण्या तपासणाऱ्या नैतिकता समितीत किमान ७ सदस्य आणि त्यांत एक सामान्य नागरिक असावा लागतो. ही तरतूद मोलाची आहे. मात्र समितीपुढे कागद येतो तेव्हा काय मोजायचे आणि किती दिवस मोजायचे हे ठरून गेलेले असते. ब्रिटनमध्ये २००४ साली सुरू झालेल्या जेम्स लिंड अलायन्स या उपक्रमाच्या बैठकांत रुग्ण, त्यांची काळजी घेणारे नातेवाईक आणि डॉक्टर एकत्र बसून कोणत्या प्रश्नांवर संशोधन आधी व्हावे हे ठरवतात.

रुग्ण सोबत नसेल तर उत्तरेही अपुरी राहतात. जखम शिवण्यापूर्वी हातमोजे आणि उपकरणे बदलल्यास संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर येतो, हे भारतासह ७ देशांतील १३ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून २०२२ मध्ये पुढे आले; त्यासाठी रुग्ण घरी गेल्यावरही, ऑपरेशननंतरच्या तिसाव्या दिवसापर्यंत, त्यांच्या जखमांची माहिती घ्यावी लागली. मजुरी बुडवून रुग्णाने यावे अशी अपेक्षा ठेवून हे कसे साधणार?

एम. एस. या शस्त्रक्रियेच्या पदव्युत्तर पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध करावाच लागतो. त्याचा आराखडा समितीकडे जाण्याआधी तीच शस्त्रक्रिया झालेल्या दोन-तीन जणांना मराठीत किंवा हिंदीत समजावून दाखवावा आणि त्यांच्या सांगण्यावरून काय बदलले याची नोंद त्यातच असावी, असा आदेश आपण शासकीय महाविद्यालयांना द्यावा, ही माझी विनंती आहे. त्यांचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी महाविद्यालयाने द्यावी. सुरुवात भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयापासून, हर्नियावरच्याच प्रबंधांतून करता येईल.

कळावे.

आपला नम्र,
लालबागचा एक रहिवासी